संवादाची किल्ली कोणाच्या खिशात?

(वर्धा शहरालगतच्या सिंदी मेघे येथे कार्यकर्ते आणि त्यांच्या कुटुंबीयांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



वर्ध्याची वस्ती वाढत वाढत सिंदी मेघेला येऊन मिळाली. आता शहर कोठे संपते आणि गाव कोठे सुरू होते, हे टपालाच्या पत्त्यावरूनच कळावे अशी स्थिती आहे. शिक्षक, नोकरदार आणि निवृत्त मंडळींच्या अशा वसाहतींत आईवडील येथे आणि मुले पुण्याला, बंगळूरला किंवा थेट समुद्रापलीकडे, हे चित्र आता नवलाईचे राहिलेले नाही. त्या घरांतील संध्याकाळचा एक तास दूरच्या मुलांसाठी राखलेला असतो. नातवंडांचे तोंड पडद्यावर दिसते, आजी ताटातला लाडू कॅमेऱ्यासमोर धरते, आणि हे सारे फुकट होते. ते खरोखरच फुकट आहे काय, आणि ज्या दोरीवर हा संवाद टांगलेला आहे तिचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ज्यांची पन्नाशी उलटली आहे त्यांना एस.टी.डी. बूथवरची रात्रीची रांग आठवत असेल. रात्री अकरानंतर पाव दर लागू होई, म्हणून घड्याळाकडे पाहत माणसे थांबत. परदेशी फोन तर लग्न, जन्म आणि मृत्यू यांपुरताच. १ एप्रिल २००२ पासून भारतात इंटरनेटवरून बोलण्यास शासकीय परवानगी मिळाली. त्याच सुमारास परदेशी दूरध्वनीवरील विदेश संचार निगमची मक्तेदारीही संपली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००३ मध्ये, स्काईप अवतरले. स्वीडनचे निकलास झेनस्ट्रॉम आणि डेन्मार्कचे यानुस फ्रीस यांची कल्पना, आणि प्रत्यक्ष बांधणी एस्टोनियातील तरुण संगणकतज्ज्ञांची. आवाज स्वच्छ, मांडणी सोपी, पैसा शून्य. हजारो मराठी घरांतील आईवडिलांनी संगणकाला हात लावला तो केवळ स्काईपसाठी, हे मान्य केलेच पाहिजे. एका उत्तम साधनाची निंदा करण्याचे काहीच कारण नाही.

मात्र त्या साधनाचा अंतर्भाग बंद होता. दोन यंत्रे कोणत्या भाषेत एकमेकांशी बोलतात, हे स्काईपने कधी प्रसिद्ध केले नाही. सुरुवातीच्या काळात तर ते वापरणाऱ्यांच्याच संगणकांतून इतरांची संभाषणे पुढे नेली जात. कोणाच्या यंत्राने कोणाच्या बोलण्याला वाट करून दिली, याचा यंत्राच्या मालकाला पत्ताही नसे. २००५ मध्ये ई-बे या अमेरिकी कंपनीने सुमारे २६० कोटी डॉलर मोजून स्काईप विकत घेतले. त्यानंतर जे घडले ते विनोदी वाटेल असे आहे. ज्या मूळ तंत्रावर सारा डोलारा उभा होता ते तंत्र विक्रीत आलेच नव्हते. ते संस्थापकांच्याच दुसऱ्या कंपनीकडे राहिले होते. २००९ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले आणि संस्थापकांना कंपनीत पुन्हा वाटा देऊन मिटवावे लागले. दोनशे साठ कोटी डॉलर देणाऱ्यालाही किल्ली मिळाली नव्हती. मग फुकट वापरणाऱ्याची काय कथा! २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ८५० कोटी डॉलरला स्काईप घेतले, २८ फेब्रुवारी २०२५ रोजी ते बंद करण्याची घोषणा केली आणि ५ मे २०२५ रोजी ते बंद झाले. ग्राहकांना त्याच कंपनीच्या ‘टीम्स’चा रस्ता दाखविण्यात आला. कंपनीने बेकायदा काही केले नाही. दुकान तिचे, फळी लावण्याचा अधिकारही तिचाच.

येथे आपली भाषा आपल्याला मदत करते. इंग्रजीत एकाच शब्दाने ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन्ही अर्थ निघतात. त्यामुळे रिचर्ड स्टॉलमन यांना १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केल्यापासून पुढची कित्येक वर्षे आपला मुद्दा किमतीचा नसून स्वातंत्र्याचा आहे, हे समजावीत बसावे लागले. मराठीत हा घोळ नाही. फुकट म्हणजे दाम नाही. मुक्त म्हणजे बंधन नाही. स्काईप फुकट होते, मुक्त नव्हते. मुक्तस्रोत प्रणालीची मूळ आज्ञावली सर्वांसाठी उघडी असते. ती वाचता येते, तपासता येते, दुरुस्त करता येते आणि स्वतःच्या यंत्रावर चालविता येते.

पण आज्ञावली उघडी असणे एवढ्यानेच भागत नाही. बी.एस.एन.एल.चा फोन जिओच्या फोनला लागतो. भाजीवाल्याकडे एका कंपनीचे क्यूआर चिन्ह आणि गिऱ्हाइकाकडे दुसऱ्या कंपनीचे अ‍ॅप असले तरी यूपीआयने पैसे जातात. जीमेलवरून रेडिफला पत्र पोचते. मग व्हॉट्सअ‍ॅपवरून सिग्नलला फोन का लागत नाही? तंत्रज्ञान अपुरे आहे म्हणून नव्हे. ‘सिप’ नावाचा खुला संकेत १९९९ मध्येच प्रसिद्ध झाला आणि २००२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. दोन यंत्रांनी एकमेकांना हाक कशी द्यावी, घंटी कशी वाजवावी, बोलणे कसे संपवावे, याचे ते नियम आहेत. आज ४जी जाळ्यावरून होणारा साधा फोनही याच नियमांनी जोडला जातो. म्हणजे दूरसंचार कंपन्यांनी तो संकेत स्वीकारला; अ‍ॅप विकणाऱ्यांनी मात्र आपापली कुंपणे घातली, कारण कुंपण हाच त्यांचा व्यवसाय आहे. युरोपीय संघाने २०२२ च्या डिजिटल बाजारविषयक कायद्याने या मोठ्या कंपन्यांवर इतरांच्या सेवांशी जोडून घेण्याचे बंधन घातले. आधी संदेश, आणि काही वर्षांच्या मुदतीने फोनही. आपल्याकडे यूपीआय उभारताना हे शहाणपण कायद्याची वाट न पाहता दाखविले गेले होते. बोलण्याच्या बाबतीत ते अजून दिसलेले नाही.

खुलेपणाचे बळ दाखविणारे एक उदाहरण स्काईपच्याच पोटात आहे. आवाज दाबून लहान करण्यासाठी स्काईपने ‘सिल्क’ नावाची रीत तयार केली होती. ती कंपनीने खुली केली. स्वयंसेवी वृत्तीने काम करणाऱ्या झिफ या संस्थेच्या ‘सेल्ट’ या रीतीशी तिचा संयोग करून ‘ओपस’ तयार झाले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये ते इंटरनेटचे अधिकृत मानक ठरले. आज ब्राउझरमधून होणाऱ्या संभाषणात ओपस असावेच लागते. स्काईप गेले, त्यातील जेवढे खुले केले होते तेवढे मात्र अजून रोज कोट्यवधी लोकांचा आवाज वाहत आहे.

आता हाताशी काय आहे ते पाहू. संस्थेच्या बैठकीसाठी, अभ्यासवर्गासाठी सर्वांत सुटसुटीत म्हणजे ‘जित्सी’. एमिल इव्होव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने २००३ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबूर विद्यापीठात शिकत असताना त्याचा आरंभ केला. बैठकीला येणाऱ्याने काही उतरवून घ्यावयास नको. दुवा दाबला की ब्राउझरमध्येच बैठक उघडते. त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवर बैठक सुरू करणाऱ्याला २०२३ पासून गूगल किंवा तत्सम खात्याने प्रवेश करावा लागतो. ज्यांना ते नको त्यांनी भाड्याचा छोटा सर्व्हर घेऊन त्यावर जित्सी बसवावे. लिनक्सची तोंडओळख असलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे काम एका सुटीच्या दिवसात जमावे. शाळा-महाविद्यालयांसाठी ‘बिगब्लूबटन’ अधिक सोयीचे, कारण कॅनडातील कार्लटन विद्यापीठात २००७ मध्ये ते शिकविण्यासाठीच जन्मले. फळा, हात वर करणे, गट पाडणे हे सारे त्यात आहे. फोनसारखा फोन हवा असेल तर २००१ पासून चालू असलेले ‘लिनफोन’ सिपवर चालते. ‘जामी’ला तर मध्यवर्ती सर्व्हरच लागत नाही, परंतु दोन्ही बाजू एकाच वेळी जोडलेल्या असतील तरच ते नीट चालते, तेव्हा वयस्कर मंडळींच्या हाती ते देताना विचार करावा.

कुटुंबासाठी ‘सिग्नल’ सोपे आणि सुरक्षित आहे. त्याची आज्ञावली उघडी आहे, मागे नफा न कमावणारे प्रतिष्ठान आहे. परंतु सर्व्हर एकाच संस्थेचा आहे, हे विसरू नये. ‘मॅट्रिक्स’ या खुल्या संकेतावर चालणाऱ्या ‘एलेमेंट’मध्ये ती अडचण नाही. फ्रान्स सरकारने २०१९ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आणलेले ‘चाप’ आणि जर्मन सैन्याची संदेशयंत्रणा या दोन्ही मॅट्रिक्सवर उभ्या आहेत. ज्यांची स्वतःची बलाढ्य साधने आहेत अशी राष्ट्रेसुद्धा दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपले बोलणे ठेवू इच्छित नाहीत.

मुक्तस्रोत म्हणजे अमरपट्टा, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. स्काईपला पर्याय म्हणून एके काळी लिनक्सच्या वर्तुळात गाजलेले ‘एकिगा’ आज कोणाच्या स्मरणातही नाही. २०१३ नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही. सांभाळणारे हात थकले की मुक्त प्रणालीही थांबते. भेद इतकाच, की एकिगा खुल्या संकेतावर चालत असल्यामुळे ते वापरणाऱ्याला त्याच संकेताचे दुसरे साधन उचलता आले.

येथे स्वदेशीचा प्रश्न उभा राहतो आणि त्यात थोडे परखड बोलले पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत सारा देश ‘झूम’वर गेला. त्या एप्रिलमध्ये झूमच्या काही बैठकांच्या कूटकिल्ल्या चीनमधील सर्व्हरमधून आल्याचे कॅनडातील संशोधकांनी दाखविले. केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली. केंद्राने भारतीय पर्यायासाठी स्पर्धा घेतली आणि केरळमधील आलप्पुळा येथील ‘टेकजेन्शिया’चे ‘व्हीकन्सोल’ विजेते ठरले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘झोहो’च्या ‘अरट्टाई’वर लोकांच्या उड्या पडल्या. हे सारे अभिमानाचेच आहे. परंतु स्वदेशी आणि मुक्त हे दोन वेगळे गुण आहेत. बंदिस्त प्रणाली देशी कंपनीची असली तरी किल्ली वापरणाऱ्याच्या हाती येत नाही. आणि लिनफोन फ्रान्सचे असले तरी त्याची आज्ञावली वर्ध्यातला मुलगा उघडून दुरुस्त करू शकतो. झोहोचे श्रीधर वेम्बू यांनीही संदेशसेवा यूपीआय आणि ई-मेलप्रमाणे परस्परांशी जोडलेल्या असाव्यात, अशी भूमिका जाहीरपणे घेतली, ती याच कारणाने महत्त्वाची.

हा धोका काल्पनिक नाही. युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध लादले. भारताने ते लादले नव्हते, भारतीय कायद्याचा भंगही झाला नव्हता. तरीही काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीची ई-मेल आणि टीम्स सेवा थांबविली. नायराला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली, त्यानंतर सेवा पूर्ववत झाली. पैसे मोजून सेवा घेणाऱ्या एवढ्या मोठ्या उद्योगाचे बोलणे परदेशातील एका निर्णयाने थांबू शकते.

साधनाची पारख कशी करावी, याचा एक धडा वर्ध्याच्या मातीशी जोडलेला आहे. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटींत केवळ वेगाने सूत निघावे एवढेच नव्हते. यंत्राची किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, ते भारतात तयार व्हावे, वीस वर्षे टिकावे आणि देखभालीचा खर्च बेताचा असावा, असे बजावले होते. शहरातील मगन संग्रहालय १९३८ पासून ग्रामोद्योगाची अशी साधने सांभाळून आहे. विकत घेताना देखभालीचा विचार आधी करणारी ही दृष्टी संगणक प्रणालीच्या बाबतीत मात्र क्वचितच दिसते.

म्हणून शेवटची गोष्ट व्यवहाराची. अमेरिकेतील मुलाला उद्यापासून व्हॉट्सअ‍ॅप सोडण्यास सांगू नये. तो सोडणार नाही, आणि आईचा संध्याकाळचा तास मात्र बुडेल. त्याच्या जोडीला एक मुक्त साधन दोन्ही फोनवर बसवून ठेवावे आणि आठवड्यातून एकदा तरी त्यावर बोलावे, म्हणजे वेळ येईल तेव्हा ते अनोळखी वाटणार नाही. रुग्णवाहिका किंवा पोलीस बोलावण्यासाठी मात्र ११२ क्रमांक साध्या फोनवरूनच लावावा.

संस्थांनी याहून पुढे जावे. ग्रंथालय, पतसंस्था, शाळा यांनी मिळून एकच सर्व्हर घेतला तर भाडे वाटून जाते. पण बहुधा असे होते की उत्साही तरुण सर्व काही बसवून देतो, वर्षभराने त्याला पुण्यात नोकरी लागते आणि पासवर्ड त्याच्याबरोबर हिंजवडीला जातो. सर्व्हर चालू असतो, पण त्यात कोणाला शिरता येत नाही; मग डोमेनची मुदत संपते आणि सारेच थांबते. तेव्हा डोमेन व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावाने घ्यावे. नूतनीकरणाची तारीख, सर्व्हरचे भाडे कोणत्या खात्यातून जाते आणि पासवर्डचा बंद लिफाफा कोणत्या कपाटात आहे, या तीन नोंदी कार्यालयाच्या नोंदवहीत, पदाधिकारी बदलताना वाचून दाखविल्या जातील अशा पानावर, शाईने लिहून ठेवाव्यात. आणि सर्व्हरचे काम एकाला नव्हे, दोघांना शिकवावे; त्यांतील एक तरी सिंदी मेघेतच राहणारा असावा.