मधली नजर हरवते तेव्हा

डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. अक्षरे, चेहरे, सुईचे नेढे दिसते ते त्याच्यामुळे. पन्नाशीनंतर काहींचा हा भाग झिजू लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यात काय किंवा इतरत्र काय, नजर मंदावली की पहिला संशय मोतीबिंदूचा, आणि त्यात वेळ जातो. मोतीबिंदूत सगळेच धुरकट होते; इथे कडेचे दिसते, मधले हरवते. नेवाशाची एसटी आलेली कळते, पाटी मात्र वाचता येत नाही.

बहुतेकांचा आजार कोरडा असतो, वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारा. ओल्या प्रकारात पडद्याखालच्या नव्या, नाजूक रक्तवाहिन्या पाझरतात आणि काही आठवड्यांत नजर खालावते. खिडकीचे सरळ गज वाकडे दिसणे ही त्याची खूण. तपासताना एकेक डोळा झाकावा. चांगला डोळा दुसऱ्याचा दोष लपवतो. उपचार म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. ऐकूनच धसका बसतो, पण आधी डोळा बधिर करतात. ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात आणि मुख्यतः उरलेली नजर राखतात.

विडी-सिगारेटने धोका वाढतो. वाचायला भिंग, भरपूर उजेड आणि मोठा टाइप उपयोगी पडतो. कडेची नजर सहसा शाबूत राहते. गज वाकडे दिसले, तर पुढच्या नेत्रशिबिराची वाट न पाहता रेटिनातज्ज्ञ गाठावा.