त्या रात्रीचा अनाउन्सर

मसुऱ्याहून बोलतोय. आज माझ्या मामाची गोष्ट.

२६ नोव्हेंबर २००८, बुधवार. मामा गावी यायला निघालेला. कोकणकन्या रात्री सीएसटीवरून सुटते, आणि जनरल डब्यात जागा हवी तर ती सुटते तिथेच गाठावी लागते. चाकरमान्यांना हे सांगायला नको. भायखळ्याहून लोकल पकडून तो सीएसटीला उतरला. पावणेदहा होऊन गेलेले.

मोठा आवाज झाला. मामाला वाटलं, फटाके. तेवढ्यात स्पीकर सुरू झाला. आवाज रोजचाच, पण गाडीचं नाव नाही, फलाट नाही. पुढे येऊ नका, एक नंबरच्या मागच्या बाजूने बाहेर पडा, असं पुन्हा पुन्हा. मामा वळला.

तो आवाज विष्णू झेंडे यांचा. रेल्वेचे अनाउन्सर. वरच्या केबिनमधून त्यांना बंदूकवाले दिसत होते. केबिनच्या दिशेनेही गोळ्या आल्या, तरी माइक सोडला नाही.

मेन लाइनच्या हॉलमध्ये मात्र लांबच्या गाड्यांची वाट बघत माणसं सामानावर बसलेली. त्या रात्री स्टेशनात पन्नासहून जास्त जीव गेले. मामा अर्धा तास आधी पोचला असता तर तोही तिथेच असता.

तिथून ते दोघे जवळच्याच कामा हॉस्पिटलात शिरले. दोन वॉचमन गेले. वरच्या वॉर्डात अंजली कुलथे नावाच्या नर्स नाइट ड्युटीवर होत्या, आणि २० गरोदर बायका. त्यांनी दारं बंद केली, सगळ्यांना टोकाच्या पॅन्ट्रीत नेलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या. गोळीबार चालू असताना भिंतीला धरून तिला लेबर वॉर्डात पोचवलं. पुढे त्यांनी कसाबला ओळखलं, कोर्टात साक्ष दिली, आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर ती रात्र सांगितली.

बघा ना, दोघांच्याही हातात बंदूक नव्हती. एकाकडे माइक, दुसरीकडे वॉर्डाची जबाबदारी. रोज जे काम करायचे, तेच त्यांनी त्या रात्री केलं. फक्त पळून गेले नाहीत.

मामा अजून म्हणतो, "त्या आवाजान माका वाचवल्यान." त्या माणसाला तो कधी भेटला नाही.

पुढच्या वेळी स्टेशनवर अनाउन्समेंट झाली की एक क्षण इअरफोन काढा. वर कुणीतरी ड्युटीवर असतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!