चाड्यावरची मूठ

बऱ्याच गावांत तिफण आता वळचणीला पडलेली दिसते. तिचे काम ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने घेतले. त्यात वाईट काही नाही. दिवसभर ढेकळांतून चालणे वाचले. पण चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईच्या हाताला जे कळत होते, ते कुठे लिहिलेले नाही. मुठीतून बी सारखे सुटले पाहिजे, तिन्ही नळ्यांत सारखे उतरले पाहिजे. नाहीतर एका तासात दाटी आणि दुसऱ्यात नांगी पडायची.

हे ज्ञान टिपायचे कसे? गावोगाव म्हाताऱ्या माणसांशी बोलताना मला एक गोष्ट जाणवली. "पेरणी कशी करायची?" असे विचारले, तर "करायची तशीच" एवढेच उत्तर मिळते. पण "बहात्तरच्या दुष्काळात काय पेरलं होतं?" असे विचारा. मग बियाणे कुठून आणले, बैल का विकले, खडी फोडायला कोण गेले, मिलोची भाकरी कशी लागायची, सारे येते. त्या ओघात ओल कशी पाहायची, तेही येते. माहिती गोष्टीला बिलगून असते.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून खेड्याचा व्यवहार नोंदवला. ते मोठेच काम. पण ती नोंद एका अधिकाऱ्याच्या नजरेतली होती. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांत कष्टणारी बाई स्वतः बोलते.

म्हणून गोष्ट एकाकडूनच ऐकू नये. मोटेची आठवण शेतकरी सांगेल ती बैलांची आणि पाण्याची. मोट शिवणाऱ्याच्या घरी विचारा. खळ्यावर बलुते किती मिळाले, त्यासाठी किती वेळ ताटकळावे लागले, तेही कळेल. मोट एकच, पण हिशेब दोन. दोन्ही लिहिले तरच गाव लिहिले असे म्हणता येईल.

१९७२ साली जी माणसे विशीत होती, त्यांनी आज सत्तरी ओलांडली आहे. तेव्हा फार थांबण्यात अर्थ नाही. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. गावी जाल तेव्हा आजीला, शेजारच्या सुताराला एखादे साल धरून विचारा. बोली सुधारू नका. 'शेत' ऐवजी 'वावर' म्हटले तर 'वावर'च लिहा. नाव, गाव, तारीख नोंदवा. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा, आणि कुणाला दाखवू का, हेही विचारा.

त्यासाठी कुणी पंडित लागत नाही. घटकाभर शेजारी बसायची तयारी मात्र लागते.