मोटारसायकलच्या टाकीचा कॉक : गळती ओळखा, वेळीच बदला

(खरीपपूर्व प्रशिक्षण वर्गात शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा माणूस. पेरणीचे अंतर, तणनियंत्रण, आंतरपीक हे माझे विषय. आज मात्र मी मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीखाली असलेल्या कॉकवर बोलणार आहे. काहींना हसू येईल. पण आपल्या लातूर-नांदेड भागात बियाणे आणायला, डबा न्यायला, दूध घालायला, बँकेत जायला हीच गाडी लागते. ऐन पेरणीत ती बंद पडली तर नुकसान गाडीचे कमी आणि शेतीचे जास्त होते. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये चांगला पाऊस झाल्यावर मी लातूरहून लोहा तालुक्यातील एका शेतावर निघालो होतो. पिशवीत सोयाबीनच्या बीजप्रक्रियेसाठी रायझोबियमची पाकिटे होती. अहमदपुरात गाडी अडखळू लागली. कार्बोरेटरमध्ये कचरा आला असेल म्हणून मी पेट्रोलची नळी पकडीने ओढून काढली. नळी जुनी, कडक झालेली. ओढताना कॉकच्या तोटीला तडा गेला, तो मला दिसला नाही. माळेगावच्या अलीकडे पेट्रोलचा वास येऊ लागला. थांबून पाहतो तो तोटी तुटलेली आणि पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकत होते. मदतीला दोघेजण धावले. त्यांतल्या एकाच्या तोंडात बिडी होती. शेजारच्या शेतातले एक वयस्कर मामा ओरडले, "ए, आधी ती बिडी फेक लांब! सर, गाडी हितून हलवा, सावलीला घ्या." त्यांच्यामुळे त्या दिवशी अनर्थ टळला.

कॉक आणायला एकाला लोह्याला पाठवले. जुना कॉक बरोबर दिला नाही, म्हणून दुसऱ्याच गाडीचा कॉक आला. पुन्हा फेरी झाली. शेतावर पोहोचायला दुपारचे चार वाजले. शेतकरी म्हणाले, "बारापर्यंत वाट बघितली सर. आभाळ भरून आलं, मग पेरून घेतलं." बीजप्रक्रियेविना पेरणी झाली होती. माझ्या पिशवीतले जिवाणूही दिवसभर उन्हात तापले होते. चूक माझीच होती. एक जुनी नळी वेळेवर न बदलल्याने हे घडले.

कॉकचे काम कसे चालते?

कॉकला तीन जागा असतात : चालू, बंद आणि रिझर्व्ह. कॉकच्या वरच्या टोकाला टाकीच्या आत एक उंच नळी असते. 'चालू'वर पेट्रोल त्या उंच नळीतून येते. पातळी तिच्या खाली गेली की पेट्रोल थांबते. 'रिझर्व्ह'वर ते तळाजवळच्या छिद्रातून येते. टाकीतला गंज, माती आणि पाणी तळाशी साठते. त्यामुळे रिझर्व्हवर येताच पुष्कळ गाड्या अडखळतात. बाहेरच्या बाजूला पातळ धातूची किंवा प्लॅस्टिकची तोटी असते आणि तिच्यावर रबरी नळी बसते. ही तोटी, कॉक व टाकी यांमधील रबरी कडे आणि ती नळी, या तीन ठिकाणी गळती सुरू होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०१४ मध्ये दीड टक्क्याच्या आसपास होते. ते २०२२ मध्ये १० टक्के झाले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. हे इथेनॉल आपल्याच उसापासून, मक्यापासून आणि तुकडा तांदळापासून बनते. उसाला त्यामुळे मागणी मिळाली, हे आपल्या भागाला सांगायला नको. परंतु इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होते व तळाशी बसते. जुन्या गाड्यांची रबरे या इंधनासाठी बनवलेली नव्हती. ती फुगतात, पुढे कडक होऊन तडकतात. म्हणून जुनी गाडी असणाऱ्याने दर खरिपाआधी नळी व कडे तपासावे. टाकीचे झाकण नीट लागते का ते पाहावे आणि गाडी पावसात उघडी ठेवू नये.

गळती ओळखावी कशी?

रात्री गाडी उभी करताना कॉकखाली जुना वर्तमानपत्राचा कागद ठेवावा. सकाळी डाग दिसला किंवा वास आला तर गळती आहे असे समजावे. नळी बोटाने वाकवून पाहावी. वाकवताना बारीक भेगा दिसल्या तर ती बदलावी. तोटीभोवती मळकट, चिकट थर जमला असेल तर तेथून पेट्रोल पाझरत असते.

कॉक बदलण्याची पद्धत

हे काम उघड्यावर, सावलीत आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर करावे. गोठ्यात किंवा चुलीजवळ करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. बॅटरीची तार काढावी. जवळ वाळूची किंवा मातीची बादली ठेवावी. लहान मुलांना दूर ठेवावे.

१) पेट्रोल काढणे : कॉक बंद होत असेल तर नळी काढून दुसरी चांगली नळी जोडावी, ती डब्यात सोडावी आणि कॉक रिझर्व्हवर करून टाकी रिकामी करावी. तोटी तुटली असेल तर खाली नरसाळे व डबा धरून कॉक हळूहळू सैल करावा. नळी तोंडाने ओढून पेट्रोल कधीही काढू नये. ते फुफ्फुसात गेल्यास जिवावर बेतते. कोणी चुकून गिळलेच तर उलटी करवू नये, ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

२) जुना कॉक काढणे : क्लिप मागे सरकवून नळी गोल फिरवत काढावी. निघत नसेल तर ब्लेडने उभी चिरावी. ओढू नये. माझी चूक इथेच झाली होती. काही गाड्यांचा कॉक दोन बोल्टवर असतो, काहींचा एका मोठ्या नटावर. नट असेल तर कॉक एका हाताने स्थिर धरून फक्त नट फिरवावा.

३) टाकी पाहणे : कॉकवरची जाळी आणि टाकीचा तळ पाहावा. गंज दिसल्यास थोड्या पेट्रोलने टाकी दोन-तीन वेळा विसळावी. ते घाण पेट्रोल विहिरीजवळ किंवा नालीत टाकू नये.

४) नवा कॉक घेणे : जुना कॉक दुकानात बरोबर न्यावाच. बोल्टमधील अंतर, तोटीची दिशा आणि आतल्या नळीची उंची जुळवून पाहावी.

५) बसवणे : रबरी कडे दर वेळी नवे घालावे. बसण्याची जागा कापडाने कोरडी पुसावी. दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. जास्त जोर लावल्यास टाकीचे आटे जातात आणि पाच मिनिटांच्या कामाचा मोठा खर्च होतो. नळी पेट्रोलसाठी बनवलेलीच घ्यावी. सलाईनची किंवा ठिबकची नळी लावलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. ती नळी पेट्रोलने खराब होते. दोन्ही टोकांना क्लिप लावावी आणि नळी सायलेन्सरला टेकू देऊ नये.

६) तपासणी : आधी थोडेच पेट्रोल घालावे. कॉक तिन्ही जागांवर फिरवून प्रत्येक वेळी पाच मिनिटे थांबावे. खाली कागद ठेवावा. कागद कोरडा राहिला तरच बॅटरीची तार जोडून गाडी सुरू करावी.

रस्त्यात गळती झाली तर?

इंजिन बंद करावे, विडी-काडी दूर करावी, गाडी सावलीत घ्यावी. कपडे धुण्याचा साबण मळून तड्यावर दाबल्यास गळती तात्पुरती थांबते, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. हा उपाय पेट्रोल डब्यात काढेपर्यंतचा आहे, पुढे गाडी चालवण्यासाठी नाही.

आणखी एक कळकळीची विनंती. टाकीला किंवा तोटीला वेल्डिंग करून घेऊ नका. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. भरलेल्या टाकीपेक्षा अशी टाकी अधिक धोक्याची. ठिणगी पडताच ती बॉम्बसारखी फुटते. नवा कॉक कितीही महाग वाटला तरी माणसाच्या जिवापेक्षा स्वस्तच असतो.

२०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटरऐवजी इंधन फवारणारी यंत्रणा आहे. त्यांत असा कॉक नसतो, टाकीतच दाब देणारा पंप असतो. ते काम घरी उघडू नये, जाणकार मेकॅनिककडे द्यावे.

बंधूंनो, आपण तिफण पेरणीआधी तपासतो, फवारणी पंपाचे वॉशर बदलतो. त्याच दिवशी गाडीची नळी, कडे आणि कॉकही पाहावा. तास-दीड तासाचे काम आहे. मला ते उशिरा कळले आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या शेताने मोजली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, एवढेच सांगून मी थांबतो.