शेकरूची झेप

१९९८ सालीं शाळेचीं मुलें घेऊन मी भीमाशंकरला गेलों होतों. शेकरूंच्या रक्षणासाठीं १९८५ सालीं अभयारण्य झालें, तेंच हें रान. डोक्यावरच्या फांदीवर एक शेकरूं निश्चल बसलें होतें. तांबूस अंग, लांब झुपकेदार शेपूट, तोंडांत कांहींतरी धरलेलें. हा प्राणी वीस फुटांपर्यंत झेप घेतो. ती झेप मुलांना दिसावी म्हणून मीं (मास्तरकी, दुसरें काय!) टाळी वाजविली. झेप साधली, पण पलीकडची फांदी खालीं लवली आणि तोंडांत काय होतें तें दिसलें. पिलूं! शेकरूची मादी अनेक घरटीं बांधते व पिलें एकांतून दुसऱ्यांत हलविते. मुलांनीं टाळ्यांसाठीं हात उचलले. मीं ते खालीं घ्यावयास सांगितलें.