जुना विक्रम आणि पुरती वाट

(धर्मग्रामाच्या हीरक महोत्सवानिमित्त, मुलांच्या दौडीच्या आदल्या सायंकाळी धर्मगुरूंनी केलेले भाषण)



उत्सव-समितीने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आपल्या धर्मग्रामाच्या साठ वर्षांचा इतिहास सांगावा, असे प्रथम मनात आले. परंतु ते काम मजहून अधिक जाणती मंडळी करणार आहेत. म्हणून मी वसतिगृहाच्या ओसरीवर टांगलेल्या एका लहानशा काळ्या फळ्याविषयीच बोलणार आहे. त्या फळ्यावर एक नाव व एक वेळ लिहिलेली आहे. अक्षरे पुसट झाली की कोणीतरी खडूने पुन्हा गिरवितो. परंतु नाव बदललेले नाही. सातपुड्याच्या पायथ्याकडून शिकावयास आलेल्या एका मुलाने, पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी, अनवाणी धावून तो विक्रम केला. गेल्या वर्षीचा पहिला आलेला मुलगा त्याच्यापासून चोवीस सेकंद दूर राहिला. ह्या महोत्सवी वर्षी तो विक्रम मोडावा, अशी सर्वांचीच इच्छा आहे, आणि ती चांगली इच्छा आहे.

आपली ही सहा किलोमीटरांची वाट पाहुण्यांस ठाऊक नसेल. शाळेच्या फाटकातून निघावयाचे, बांधाबांधाने नाल्यापर्यंत जावयाचे, नाला ओलांडून बाभळीला वळसा घालावयाचा, कपाशीच्या कडेने टेकडी चढावयाची, आणि ज्वारीच्या धसकटांतून परत फिरावयाचे. आपली खानदेशची काळी जमीन मोठी लहरी आहे. पावसाळ्यात ती पायांना धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि नांगरटीनंतर तिची ढेकळे घोटा मुरगाळतात. जळगाव-भुसावळकडील वैशाख तर सर्वांच्या परिचयाचा आहे; म्हणून ही दौड पूर्वीपासून हिवाळ्यातील पहाटेस ठेविलेली आहे.

अशा दौडीस क्रॉस कंट्री म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील रग्बी, श्रूजबरी इत्यादी ठिकाणच्या शाळांतून ती रुजली. हिची गंमत अशी की, हिच्यात जागतिक विक्रम अधिकृतपणे नोंदविला जात नाही. एका रानातील चिखल व दुसऱ्या रानातील चढ ह्यांची बरोबरी कोणत्या तराजूने करावयाची? तेव्हा क्रॉस कंट्रीचा विक्रम हा त्या वाटेचाच असतो. वाट तीच राहिली, तरच त्या विक्रमास अर्थ राहतो. हे लक्षात ठेवा. पुढे ह्याच गोष्टीवर मला यावयाचे आहे.

हिचीच एक भावंड-शर्यत म्हणजे स्टीपलचेस. स्टीपल म्हणजे देवळाचा मनोरा. एका गावच्या देवळाच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्याकडे, कुंपणे व ओहोळ ओलांडीत, सरळ धाव घ्यावयाची, ह्या जुन्या चालीवरून ते नाव पडले. आता ती मैदानात ३,००० मीटर धावतात, आणि तीत २८ वेळा अडथळा व ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. ह्या शर्यतीत आपल्याच महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याच्या मुलाने एका जुन्या विक्रमाचा पाठलाग कसा केला, ते सांगतो.

१९८१ साली टोकियो येथे गोपाल सैनी ह्यांनी ही शर्यत ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांत पुरी केली. तो भारताचा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे अढळ राहिला. तो झाला तेव्हा, ज्याने पुढे तो मोडावयाचा तो जन्मासही आला नव्हता. अविनाश साबळे ह्यांचा जन्म १९९४ चा, बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा ह्या गावचा. शाळा सहा किलोमीटर दूर आणि वाहनाची सोय नाही. तेव्हा ते अंतर पायीच तोडावयाचे, कधी चालत, कधी पळत. त्या वेळी ह्या मुलाच्या डोळ्यांपुढे कोणताही विक्रम नव्हता, शाळेची घंटा तेवढी होती.

बारावीनंतर ते सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेले. सियाचिनच्या बर्फात व राजस्थानच्या वाळूत त्यांनी नोकरी केली. २०१५ साली सोबत्यांच्या आग्रहाने ते सैन्यातील क्रॉस कंट्रीत उतरले. दोन वर्षांनी प्रशिक्षक अमरीश कुमार ह्यांनी त्यांस स्टीपलचेसकडे वळविले. त्या मधल्या काळात दुखापत झाली होती, वजन वाढले होते. ते नेटाने उतरवावे लागले. पुढे घोट्याच्या दुखापतीने २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धा हुकल्या. आणि त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात, भुवनेश्वर येथे, त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ नोंदविली.

मुलांनो, वजाबाकी करा. एक सेकंद आणि आठ शतांश! त्या वेगाने ते अंतर सुमारे सहा मीटर भरते, म्हणजे आपल्या देवळातील वेदीपासून पुढल्या काही बाकांपर्यंत. एवढे अंतर कापावयास आपल्या देशास ३७ वर्षे लागली. परंतु ते एकदा कापले गेल्यावर काय झाले तेही पाहा. २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धांत साबळे ह्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले. १९९८ पासून त्या स्पर्धांत ह्या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाचे धावपटू नेत असत. ती परंपरा त्या दिवशी खंडित झाली, आणि सुवर्णपदक केवळ पाच शतांश सेकंदांनी दूर राहिले. २०२४ साली पॅरिस येथे ते ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आले. सैनींच्या वेळेहून जवळजवळ एकवीस सेकंद! पहिल्या सेकंदास ३७ वर्षे, पुढील वीस सेकंदांस सहा वर्षे.

ह्यावरून सैनी लहान ठरले काय? मुळीच नाही. ३७ वर्षे जो कोणी ती शर्यत धावला, त्यास आपण कोठे आहोत हे सैनींच्या वेळेनेच सांगितले. जुना विक्रम हा वैरी नव्हे. शेताच्या बांधावर उभा असलेला तो वडील माणूस होय. पी. टी. उषा ह्यांनी १९८४ साली लॉस एंजेलिस येथे ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ५५.४२ सेकंदांची वेळ दिली, आणि कांस्यपदक एका शतांश सेकंदाने गमावले. २०२३ साली हांगझोऊ येथे विद्या रामराज ह्यांनी नेमकी तीच वेळ नोंदविली, एक शतांशही कमी नाही की अधिक नाही. ३९ वर्षांनंतर दोघी एका ओळीत उभ्या राहिल्या! त्या दिवशी उषांचे नाव पुसले गेले नाही. उलट सर्वांच्या ओठी पुन्हा आले.

आता उद्याच्या दौडीविषयी. चोवीस सेकंद म्हटले की छाती दडपते. परंतु सहा किलोमीटरांवर ते वाटून टाका. किलोमीटरामागे चारच सेकंद येतात. ते चार सेकंद फाटकापाशीच मिळवू नका. जो बांधावर वाऱ्यासारखा सुटतो, तो टेकडीवर गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो. नाल्यापर्यंत श्वास हाती ठेवा, चढावर पावले लहान टाका, आणि धसकटांत नजर समोरच्या पाठीवर न ठेवता जमिनीवर ठेवा. ज्यांना उद्या साधणार नाही, त्यांनी वर्षभर पहाटे उठावे. बहुतेक दिवस संथ व थोडे दिवस वेगाने धावावे, अंतर हळूहळू वाढवावे, आणि नाला, बाभूळ व टेकडी येथे लागलेली वेळ वहीत मांडून ठेवावी. ती वही खोटे बोलत नाही.

येथे मला एक अप्रिय गोष्ट सांगावयाची आहे. काही उत्साही मंडळींनी सुचविले की, रस्ता रुंद झाल्यामुळे वाट बदलावीच लागणार. तर टेकडी गाळावी, म्हणजे महोत्सवात विक्रम मोडेल व स्मरणिकेत छायाचित्र येईल. त्यांचा हेतू प्रेमाचाच आहे. तरीही मी नाही म्हटले, आणि त्याचे कारण आज प्रथमच चारचौघांत सांगतो.

मी ह्याच वसतिगृहात वाढलो. दहावीच्या वर्षी मीही त्या फळ्याचा ध्यास घेतला होता. दौडीच्या दिवशी दाट धुके होते. नाल्यापाशी मी पुढे एकटाच होतो. बाभळीला वळसा न घालता मी अलीकडूनच वळलो. चाळीस-पन्नास पावले वाचली असतील. कोणी पाहिले नाही. मी विक्रमाच्या आत आलो. मुलांनी मला खांद्यावर घेतले, आणि सायंकाळी फळ्यावर माझे नाव चढले. तीन रात्री मला झोप लागली नाही. ओसरीवरून जाताना मी मान खाली घालीत असे. ज्या फळ्याकडे वर्षभर टक लावून पाहिले, त्याकडेच मला पाहवेना. चौथ्या दिवशी मी ड्रिल मास्तरांकडे गेलो. त्यांनी मला मारले नाही की रागे भरले नाही. ओल्या फडक्याने फळा पुसला, खडू माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "जुने नाव तूच लिही. आणि रविवारी मिस्सानंतर पुन्हा धाव. मी बाभळीखाली बसतो."

मी धावलो. अकरा सेकंद कमी पडलो. त्या विक्रमाच्या त्याहून जवळ मी पुढे कधीच गेलो नाही. परंतु त्या रविवारी फळ्याकडे मान वर करून पाहू शकलो.

संत पौल करिंथकरांस लिहितो तेव्हा शर्यतीचा दृष्टान्त घेतो. करिंथजवळच इस्थमियन खेळ भरत असत. तीमथ्याला लिहिताना तर नियमाने झुंजणाऱ्यासच मुकुट मिळतो, ह्याची तो आठवण देतो. त्या जुन्या मजकुराचा अर्थ मला सेमिनरीत प्राध्यापकांनी पुढे शिकविला. बाभळीखाली बसलेल्या मास्तरांनी तो आधीच शिकविला होता.

म्हणून समितीने असे ठरविले आहे. उद्याची दौड जुन्या वाटेनेच होईल. रस्त्याच्या ठिकाणी वडील मंडळी उभी राहून वाहने थांबवितील, आणि बाभळीखाली मी स्वतः बसेन. पुढील वर्षापासून नवी वाट आखू. ती चाकाने मोजू, आणि तिच्यासाठी नवा फळा लावू. जुना फळा तसाच राहील.

मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी तो विक्रम मोडला, तर त्या थोर धावपटूच्या घरी जाऊन ही वार्ता मी स्वतः सांगेन. कोणासच न साधला, तर खडूने तेच नाव पुन्हा गिरवू, आणि ह्या वेळी तो मान पहिल्या आलेल्यास देऊ. आता लवकर निजा. पहाट थंड असेल. कानांना काही बांधून या. देव तुम्हां सर्वांस सुखरूप परत आणो.