घोडवाटांचा शोध

मोटारीला रस्ता लागतो, आगगाडीला रूळ लागतात. घोड्याला नुसती वाट पुरते. मात्र ती त्याला मानवणारी हवी. पायाखाली माती हवी, वाटेत पाणी हवे, डोक्यावर थोडी सावली हवी आणि परतताना अंधार पडता कामा नये. या चार गोष्टी जमून आल्या आणि त्यांत डोळ्यांना सुखविणारा मुलूख भेटला, म्हणजे रपेटीचा आनंद पुरा होतो. अशा वाटा शोधाव्यात कशा आणि सापडल्यावर त्या इतरांच्या स्वाधीन कराव्यात कशा, हा प्रश्न वरवर पाहता चार हौशी माणसांचा वाटतो. बंगळूरच्या आसमंताकडे पाहिले म्हणजे तो तेवढ्यापुरता नाही, हे ध्यानात येते.

बंगळूर आणि घोडा यांचे नाते मराठी माणसाला नवे नाही. १६३८ साली रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांच्या विजापुरी फौजेने केंपेगौडांकडून हे शहर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा सारा टापू त्या जहागिरीत मोडत होता. त्यांच्या दरबाराचे चित्र रेखाटणारा जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केला. ज्या सरदाराचे आयुष्य खोगिरावर गेले त्याचा अंतही घोड्यावरूनच व्हावा, असा योग होता. १६६४ च्या जानेवारीत होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजे मरण पावले. त्यांची समाधी आजही तेथे आहे.

पुढे राजवटी बदलल्या, पण घोड्याचे महत्त्व उणावले नाही. १८३४ ते १८६१ या काळात म्हैसूरचे कमिशनर असलेले मार्क कब्बन यांना घोड्यांचा शौक होता, आणि शिल्पकार मारोकेटी यांनी घडविलेला त्यांचा पुतळा अश्वारूढच आहे. १८९६ साली येथील छावणीत दाखल झालेल्या तरुण विन्स्टन चर्चिल यांचा बराचसा वेळ पोलोच्या मैदानावर जात असे. याच शहरात जन्मलेले फवाद मिर्झा यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत अश्वारोहणाची दोन रौप्यपदके मिळविली.

या परंपरेमागे भूगोलाचेही साहाय्य आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीचे हे पठार उन्हाळ्यातही फारसे भाजत नाही. तांबडी माती पावसाची एखादी सर पडून गेल्यावर खुराला अत्यंत सुखावह असते. जुन्या काळी बांधलेल्या तलावांच्या माळा गावोगाव आहेत. त्यांच्या बांधांवरून गेलेली वाट म्हणजे पाणी आणि सावली यांची एकदमच सोय. उत्तरेस देवनहळ्ळीवरून पुढे गेले की नंदीदुर्गाचा डोंगर समोर उभा राहतो. त्याची उंची १४७८ मीटर. पायथ्याशी भोगनंदीश्वराचे प्राचीन देवालय आहे, भोवती द्राक्षांचे मळे आणि नाचणीची शेते आहेत. पश्चिमेस बंगळूर गमावल्यावर केंपेगौडांचे घराणे जेथे जाऊन राहिले ते मागडी, आणि त्याच्याजवळ सावनदुर्गाचा प्रचंड उघडा खडक. दक्षिणेस रामनगरच्या शिळा. ‘शोले’ या १९७५ च्या चित्रपटातील घोड्यांची धावपळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्यांची निराळी ओळख करून द्यायला नको. परंतु जेथे दृश्य सुंदर तेथे घोडा न्यावाच असे नाही. रामदेवरबेट्टचा डोंगर २०१२ पासून गिधाडांसाठी राखलेला आहे. शिवाय उघड्या कातळावर नाल मारलेला खूर घसरतो. तेथे उतरून लगाम हाती धरावा, हेच शहाणपण.

वाट शोधण्याचे काम खोगीर चढविण्यापूर्वी, नकाशापासून सुरू होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत गाडीवाट, ओझ्याच्या जनावरांची वाट आणि पायवाट यांना निरनिराळ्या खुणा असतात. यांतील मधली खूण घोडेस्वाराने बोट ठेवून शोधावी. कारण जेथून लादलेला बैल किंवा गाढव जात होते, तेथून घोडा बहुधा जातोच. दुसरा आधार गावच्या महसुली नकाशाचा. शेताशेतांमधून गेलेली गाडीवाट, गायरान, तलावाची हद्द यांची नोंद त्यात सापडते. १९६४ च्या तेथील भूमहसूल कायद्याप्रमाणे सार्वजनिक रस्ते आणि वाटा सरकारच्या मालकीच्या आहेत. तेव्हा कोणती वाट सर्वांची आणि कोणती खासगी बांधावरची, हे कागदावरून ठरविता येते. तिसरा आधार माणसाचा. मेंढपाळ, तलावाकाठचा धोबी, गावचा वयोवृद्ध शेतकरी यांना जे ठाऊक असते ते कोणत्याच नकाशात नसते. कोणता ओढा श्रावणात उतरू देत नाही, कोणत्या विहिरीला कठडा नाही, कोणत्या वस्तीतली कुत्री घोड्याच्या मागे लागतात, ही माहिती नम्रपणे विचारली तरच मिळते. हे तिन्ही आधार जुळले, की आधी ती वाट पायी चालून पाहावी. मग घोडा न्यावा.

शोधलेली वाट दुसऱ्यास सांगण्याचे मोल किती मोठे असते, याचा दाखला याच मुलखाच्या इतिहासात आहे. १७९१ च्या मे महिन्यात कॉर्नवॉलिस बंगळूरहून श्रीरंगपट्टणावर चालून गेला. दाणावैरण संपली, बैल मेले, रोगराई पसरली. अखेर तोफा ओढण्याचे साधन उरले नाही म्हणून त्याने आपला अवजड तोफखाना आपल्याच हाताने नष्ट केला आणि माघार घेतली. परतीच्या वाटेवर अकस्मात घोडदळ दिसले. शत्रूच आला असे वाटले, पण ते निघाले परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांचे मराठी सैन्य. त्यांच्या तळावर धान्य होते, जनावरे होती. मदत इतकी जवळ आली असता तिची वार्ता पोहोचली नव्हती, कारण टिपूच्या हलक्या स्वारांनी मधल्या वाटा रोखून जासूद अडविले होते. फौजा होत्या, वाटाही होत्या. नव्हती ती फक्त वाटांवरची बातमी.

आजचा स्वार लढाईला जात नाही, परंतु त्याने लिहून ठेवलेले टिपण मागून येणाऱ्याला तितकेच उपयोगी पडते. ते टिपण कसे असावे? ‘देखावा रम्य आहे’ एवढ्याने काहीच कळत नाही. अंतर किती, चालीने किती वेळ लागतो आणि दुडकीने किती, माती कोठे आणि खडी कोठे, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, सावलीत घोडा बांधण्याजोगी जागा कोणती, डांबरी सडक किती वेळा ओलांडावी लागते, जनावराला लागले तर माघारी फिरण्याची जवळची वाट कोणती, कोणाची परवानगी घ्यावी लागते आणि ती घेतली आहे काय, हे सारे त्यात यावे. तारीख तर अवश्य असावी. पेरणीच्या दिवसांत मोकळी दिसलेली कड नाचणी उभी राहिल्यावर मोकळी नसते. नकाशे काढण्यावरचे जुने निर्बंध २०२१ पासून सैल झाले आहेत, त्यामुळे असा आराखडा आता कोणालाही तयार करता येतो.

येथे एक रास्त शंका उद्भवते. वाट सर्वांना सांगितली तर गर्दी होईल, शेते तुडविली जातील, आणि जिच्या निवांतपणासाठी शोध घेतला ती निवांत राहणार नाही. म्हणून पुष्कळ जाणते स्वार आपल्या आवडत्या वाटेचे नावही काढीत नाहीत. ही शंका खोटी नव्हे. परंतु बंगळूरच्या भोवती वाटांचा नाश गर्दीने होत नसून विस्मृतीने होत आहे. २००८ साली देवनहळ्ळीजवळ विमानतळ सुरू झाला आणि त्या बाजूच्या जमिनींचे मोल पालटले. शेतांचे भूखंड पडले, भिंती उभ्या राहिल्या. भिंत घालणाऱ्याला अडविणारा कोणी नसतो, कारण येथून वाट होती असे सांगणाराच उरलेला नसतो. त्या वाटेने केवळ हौशी घोडेस्वार जात नाही. मेंढरे जातात, बैलगाडी जाते, पलीकडच्या गावच्या शाळेत जाणारी मुले जातात. घोडेस्वाराने तिची नोंद केली तर साक्ष एकाची राहते, उपयोग सर्वांना होतो.

इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने पायवाटा आणि घोडवाटा यांची पाहणी करून त्या नकाशावर अधिकृतपणे नोंदविण्याचे काम स्थानिक संस्थांवर सोपविले. गावोगावच्या लोकांनी वाटा चालून माहिती दिली, आणि अशा रीतीने नोंदलेली वाट मालकाला मन मानेल तेव्हा बंद करता येत नाही. महाराष्ट्रात माथेरानचे उदाहरण जवळचे आहे. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी १८५० साली त्या डोंगराचा शोध घेतला. मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे मज्जाव असल्याने तेथील तांबड्या वाटांवर घोडा आणि पादचारी यांचा संसार अद्याप चालू आहे. अर्थात तो सुरळीत चालण्यासाठी स्वाराने माणूस दिसताच चाल मंद करावी लागते. हाच नियम बंगळूरच्या तलावांच्या बांधांवर आणि नंदीच्या पायथ्याशीही लागू आहे.

घोडवाट सांगणाऱ्याने म्हणूनच दोन गोष्टी बरोबरच सांगाव्यात. पहिली वाटेची, दुसरी वागणुकीची. उघडलेले फाटक लावून घ्यावे, उभ्या पिकाला वळसा घालावा, मेंढरांचा कळप आला तर थांबावे, पाणवठ्यावर आधी गावचे जनावर पिऊ द्यावे. असे वागणारा स्वार दुसऱ्या खेपेस आला, की शेतकरी बांधावरून हाक मारतो आणि पुढची नवी वाट आपण होऊन दाखवितो. घोडवाटांचे जाळे वाढते ते अशा ओळखीने. बंगळूरच्या वेशीपलीकडे अशा वाटा अजून आहेत. त्यांवरून टापांचा आवाज उमटत राहिला आणि कोणीतरी त्यांची नोंद करीत राहिला, तर त्या पुढच्या पिढीलाही सापडतील.